सूर्यभानची हरळी

बोरीच्या चर्चमध्ये कापूस वेचून झाला की दरवर्षी संजीवन सभा भरते, आणि दरवर्षी त्या सभेत सूर्यभानचा राग मरतो.

गावातल्या ख्रिस्ती मंडळींना हे पाठ झालं होतं. बाहेरगावचे पाळक संदेश द्यायचे, पेटी-ढोलकीवर गाणी व्हायची, मग साक्षी सुरू व्हायच्या. प्रभूनं आपल्याला कशातून सोडवलं, ते ज्यानं त्यानं उठून सांगायचं. कुणी दारू सुटल्याचं सांगे, कुणी तंबाखू. मग सूर्यभान उठायचा. उभी हयात एसटी चालवण्यात गेलेली, आवाज असा की माईकची गरज नाही. "बंधूंनो, भगिनींनो, आज मी माझा राग क्रुसाच्या पायथ्याशी पुरला! आता त्यो काय वर येत न्हाई!" मंडळी जोरात आमेन म्हणायची. मागच्या बाकावरच्या बायका मात्र तोंडाला पदर लावायच्या, कारण होळी यायच्या आत तो राग वर आलेला असायचा, आणि पुरला होता त्याहून टवटवीत.

आता सूर्यभान काही वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. कुणाच्या घरी मयत झाली तर खड्डा खणायला पहिला हजर. कुणाची म्हातारी दवाखान्यात न्यायची असली तर हातातला घास टाकून निघणार. पण राग आला की त्याला ना नातं दिसायचं ना वय. आणि त्या रागाची सगळ्यात मोठी झळ कुणाला बसली, तर पोटच्या पोरीला.

बबिता त्याची एकुलती एक. पालमला दिलेली. जावई पप्पू, त्याचं तिथं मोबाईलचं दुकान. हसतमुख, जरा बडबड्या. मागच्या नव्हे, त्याच्या आदल्या नाताळात तो जीप घेऊन आला होता. उपासनेनंतर चर्चच्या अंगणात ती जीप मागं घ्यायला सूर्यभान बसला आणि घेता घेता त्यानं ती भिंतीला टेकवली. पप्पू हसत म्हणाला, "मामा, ही तुमची लालपरी न्हाई. जरा आरशात बी बघा." सगळं अंगण हसलं. सूर्यभान खाली उतरला आणि त्याच्या तोंडाचा पट्टा सुटला. "तुला गाडी चालवता येत न्हाई, नुसतं तोंड चालवता येतं! माझ्या लेकीचं नशीब फुटलं म्हनून तुझ्यासारखा रिकामटेकडा पदरात पडला!" पप्पूच्या हातात जेवणाचं ताट होतं. ते त्यानं तसंच खाली ठेवलं, बबिताला घेतलं आणि निघून गेला.

बबिताला तेव्हा दिवस गेलेले होते. ती गोड बातमी सांगायलाच दोघं आली होती, हे सूर्यभानला मागाहून कळलं.

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा रिवाज. घर हिंदूचं असो, मुसलमानाचं असो की ख्रिस्ती माणसाचं. सूर्यभानच्या बायकोनं, मार्थाबाईनं, डिंक-खारीक आणून ठेवली, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली. लेक आलीच नाही. बाळंतपण पालमला झालं. नातू झाला, रांगायला लागला, आणि आजोबानं त्याला फोनच्या पडद्यावर तेवढं पाहिलं. आता त्याच्या बाप्तिस्म्याचं बोलणं निघालं होतं. सूर्यभानच्या बापाचा बाप्तिस्मा बोरीच्या चर्चमध्ये झालेला, सूर्यभानचा तिथंच, बबिताचाही तिथंच. नातवाचा कुठं होणार? या एका प्रश्नानं सूर्यभानला अन्न गोड लागेना.

त्यातच चर्चला नवे पाळक आले, रविकांतसाहेब. वयानं तरुण, बोलायला बेताचे. चर्चच्या मागं, सूर्यभानच्या परसदाराला लागूनच, एक पडीक तुकडा होता, हरळीनं धरलेला. तिथं बाग करावी, असं साहेबांच्या मनात आलं. उपासनेला फुलं होतील, महिला मंडळाला चार भाज्या होतील. पंचांच्या बैठकीत त्यांनी विचारलं, कोण करील? सूर्यभान ताडकन उठला. "माझ्यावर सोडा!"

बाग अशी करायची की पालमपर्यंत बोलबाला झाला पाहिजे, हा त्याचा बेत. बाप बदलला, देवाच्या घरी फुलं फुलवायलाय, हे बबिताच्या कानावर गेलं पाहिजे. एवढा मोठा बेत डोक्यात असताना हरळी हातानं कोण वेचत बसतो? त्यानं भाच्याचा ट्रॅक्टर आणला, मागं रोटाव्हेटर लावला आणि एका सकाळीत सगळ्या जागेचं पीठ करून टाकलं.

रोटाव्हेटरनं हरळी मरत नाही, हे बोरीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तिच्या काशा, म्हणजे जमिनीखाली पळणारी तिची मुळं, जेवढ्या तुटतात तेवढी नवी हरळी उगवते. मार्थाबाईचा तर अर्धा जन्म लोकांच्या रानात खुरपण्यात गेलेला. ती कडेला उभी राहून ओरडली, "अवं, तुकडे नका करू तिचे! आधी वेचून काढा!" पण ट्रॅक्टरचा आवाज मोठा आणि नवऱ्याचा त्याहून मोठा. "तू गप! इंजिनाचं काम इंजिनवाल्याला कळतं!"

रविवारी उपासना झाल्यावर त्यानं अख्ख्या मंडळीला मागं नेऊन ती भुसभुशीत काळी माती दाखवली. झेंडूची रोपं लावली, भेंडी-गवार टोबली, पाणी सोडलं. झेंडूनं मान वर करायच्या आत हरळी वर आली. आधी ती कुठं होती, कुठं नव्हती. आता बोट ठेवायला जागा राहिली नाही.

चर्चसमोर लिंगराजचं चहाचं हॉटेल आहे. लिंगराज महादेवाचा भक्त, कपाळभर भस्म आणि स्वभावानं गमत्या. सूर्यभानपुढं चहा ठेवत तो म्हणाला, "सूर्यभानराव, औंदा गणपतीला दुर्वा तुमच्याकडूनच नेतो. लय झ्याक लागवड केली." बाकावरची माणसं खो खो हसली. झालं! कप भिंतीवर गेला, आणि सूर्यभाननं लिंगराजच्या सात पिढ्या बाहेर काढल्या. क्रुसाच्या पायथ्याशी पुरलेला राग यंदा होळीपर्यंतही थांबला नाही.

बातमी घरी त्याच्या आधी पोचली होती. मार्थाबाई भाकरी थापत होती. तिनं वर बघितलंसुद्धा नाही.

"लिंगराजचं काय चुकलं?"

"मला हसला त्यो! समद्यांसमोर!"

"हसंल न्हाई तर काय करंल? रोटाव्हेटर फिरवताना मी बोंबलत व्हते." तिनं भाकरी तव्यात टाकली. "तुमी रागाचं बी असंच करता. दर सभेला त्याचे तुकडे करून पुरता, वरून साक्षीचं पाणी घालता. मग त्यो फुटतो. अन् लेकरू माझं तिकडं पालमला ऱ्हातं."

शेवटचं वाक्य बोलताना तिचा आवाज फाटला. सूर्यभानला राग यायला हवा होता, आलाही, मानेपर्यंत चढला. पण बायको रडत होती आणि तिच्या बोलण्यात एकही शब्द इकडचा तिकडं करायला जागा नव्हती. तो न जेवता ओट्यावर जाऊन बसला. आपण चुकलोय हे त्याला पुष्कळदा वाटून गेलं होतं. आज ते पटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो पाळकसाहेबांकडे गेला. "सलाम, साहेब." ख्रिस्ती मंडळींचा हाच नमस्कार. "औषध मारून टाकू का हरळीवर? एका दिवसात जळंल."

रविकांतसाहेब हसले. "पुन्हा एका दिवसात? तिथं भाज्या लावायच्यात आपल्याला. हातानंच काढा, सूर्यभानराव. उन्हाळा लागलाय. काशा उपटून उघड्यावर टाकल्या की वाळतात. पुरलेल्या कधी वाळत नाहीत." मग ते म्हणाले, "रागाचंही तेच करा. प्रभूपुढं तो पुरू नका. उघडा करून ठेवा. रोज."

रोज हा शब्द सूर्यभानला मुळीच आवडला नाही. त्याला मोठी कामं आवडत, लोकांच्या डोळ्यांत भरणारी. तरी त्यानं टिकाव उचलला.

पहिले काही दिवस तो हरळी ओढायचा आणि ती तुटायची. हातात शेंडा, मुळं खालीच. मार्थाबाई येऊन शेजारी बसली आणि तिनं खुरप्यानं आजूबाजूची माती मोकळी केली, मग बोटानं काशी अलगद उचलली. हातभर लांब काशी अख्खी वर आली. "तिच्यावर चिडून न्हाई निघत ती," ती म्हणाली. सूर्यभान शिकला. सकाळी खणायचं, काशा वेचायच्या, उन्हात पसरायच्या. मोकळ्या झालेल्या वाफ्यात चार बिया टोबायच्या, आणि तिथंही दोन पानांचं हिरवं दिसलं की तेव्हाच काढायचं, कारण आठवडाभर दुर्लक्ष केलं की पुन्हा टिकाव आला.

हळूहळू त्याची प्रार्थनाही बदलली. आधी तो म्हणायचा, प्रभू, माझा राग काढून टाक. आता म्हणायला लागला, प्रभू, आज कुठं फुटला ते दाखव. आणि प्रभू दाखवायचा, अगदी सढळ हातानं! भाजीत मीठ कमी, तिथं फुटला. बँकेत कुणी रांग मोडली, तिथं फुटला. एके दिवशी काशीचा माग काढत काढत तो नळापाशी पोचला. नळ गळत होता, आणि सगळ्या बागेला पुरून उरेल एवढा हरळीचा गड्डा तिथं पाणी पीत बसला होता. तो गड्डा खणता खणता सूर्यभानला स्वतःचं मूळ सापडलं. लोक हसले की त्याला राग यायचा. मिठानं नाही, रांगेनं नाही. आपल्याला कुणी मोजत नाही, हसतात, असं वाटलं की. त्याचा बाप मंडळीत मानाचा माणूस होता, आणि उपासनेनंतर चर्चच्या अंगणात, चारचौघांत या पोराच्या मठ्ठपणाचे किस्से सांगून लोकांना हसवणं हा त्याचा छंद होता. बापाला जाऊन जमाना झाला. तरी सूर्यभान अजून त्याच अंगणात उभा होता आणि जो हसेल त्याच्यावर धावून जात होता. हे कळल्यावर तो नळापाशी बसून लहान पोरासारखा रडला, आणि मग नळाचा वायसर बदलला.

त्याच दिवशी तो लिंगराजकडं गेला. "लिंगराज, चुकलं माझं." एवढंच बोलायला त्याला घाम फुटला. लिंगराजच जास्त अवघडला. "जाऊ द्या हो, सूर्यभानराव. नवा कप आणलाय, त्यातच घ्या चहा." पण एकदा तोंडातून निघालेला तो शब्द दुसऱ्या वेळी सोपा गेला, तिसऱ्या वेळी आणखी. मे महिना लागेस्तोवर झेंडूला कळ्या आल्या. राग गेला होता का? छे! रोज यायचा. पण आता सूर्यभान त्याला दोन पानांवर असताना ओळखायला लागला होता. त्याला पक्कं वाटायला लागलं होतं की हे काम होतंय, आणि करणारा तो एकटा नाही.

आणि मग एका दुपारी बबिता आली. एसटीनं, लेकराला काखेत घेऊन, न कळवता.

"सलाम, बाबा," ती म्हणाली आणि आईजवळ जाऊन बसली. सूर्यभाननं लेकराकडं हात पुढं केले. तिनं न पाहिल्यासारखं केलं. लेकरू मात्र डोळे मोठे करून त्याच्या मिश्यांकडं बघत होतं.

पाणी पिऊन झाल्यावर ती म्हणाली, "आई, बाप्तिस्मा परभणीला ठरवलाय. फोनवर सांगायला बरं वाटंना, म्हनून आले."

सूर्यभानच्या अंगात भडका उडाला. दोन पानं नाहीत, चार पानं नाहीत, एकदम सगळं रान! "परभणीला? कामून? आमी मेलोत का हितं? तीन पिढ्या या चर्चात गेल्या, अन् माझा नातू लोकांच्या दारात न्यायचा? ह्ये तुझ्या नवऱ्याचं डोकं हाय! त्यालाच माझी इज्जत..."

लेकरू दचकलं आणि टाहो फोडून रडायला लागलं. बबिता उठली. "बघ आई. म्हनून येत नव्हते." तिनं पिशवी उचलली आणि दाराकडं निघाली.

सूर्यभान मागच्या दारात उभा होता. समोर सकाळी उपटलेल्या काशांचा ढीग वाळत होता, मागं नातू रडत होता. इतके दिवस खणून शेवटी हेच? त्याला स्वतःची शरम वाटली. पण शरमेनं गप्प बसणं म्हणजे पुन्हा पुरणंच, हे आता त्याला ठाऊक होतं. तो वळला. बबितानं एक चप्पल घातली होती.

"बबे, थांब. चुकलो मी."

ती थांबली. दुसरी चप्पल घालायची राहिली.

"राग मेला म्हनून सांगनार न्हाई तुला. हाय त्यो, आत्ताच बघितलास. पण आता मी त्याला लपवीत न्हाई, रोज खणायलोय. परभणीला करा बाप्तिस्मा. बोलावलं तर आमी दोघं येऊ. न्हाई बोलावलं तरी लेकरासाठी हितंच गुडघे टेकू. माझं काय म्हननं न्हाई."

बबितानं आजवरच्या आयुष्यात बापाच्या तोंडून 'चुकलो' हा शब्द ऐकला नव्हता. सभेतल्या साक्षी पुष्कळ ऐकल्या होत्या. त्या लोकांसाठी असायच्या. तिनं घाबरून आईकडं बघितलं. "आई, बाबा बरे हाईत ना?"

"बरे व्हायलेत," मार्थाबाई म्हणाली. "हळूहळू."

बबितानं पायातली चप्पल काढली. मग तिनं लेकरू बापापुढं धरलं. "धरा जरा. हात भरून आला माझा."

सूर्यभाननं नातवाला घेतलं. लेकरानं रडता रडता त्याची मिशी गच्च धरली आणि रडायचं विसरून गेलं. एवढी मोठी एसटी लीलया वळवणारा माणूस, पण आता जागचा हलेना.

"मला चुकलो म्हनून काय उपेग, बाबा?" बबिता म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज पक्का होता. "ज्याला बोललात त्याला सांगा." तिनं फोन काढला.

सूर्यभाननं हात पुढं केला आणि मग मागं घेतला. "हितं न्हाई."

"कामून?"

"त्याला मी घरात न्हाई बोललो. चारचौघांत बोललो."

आणि एका हातावर लेकरू, दुसऱ्या हातात फोन घेऊन तो भर उन्हात निघाला. मागं बबिता, तिच्या मागं हात पुसत मार्थाबाई. लिंगराजच्या हॉटेलात दुपारची माणसं छपराखाली बसली होती. त्यांच्यापुढं तो उभा राहिला. "लिंगराज, ह्यो फोन समद्यांला ऐकू येईल असा कसा करायचा?"

बबितानं नंबर लावला आणि लिंगराजनं बटन दाबून दिलं.

"हां बबिता, पोचलीस का?" पप्पूचा आवाज आला.

"पप्पूराव, मी सूर्यभान बोलायलोय."

उत्तराची वाट न बघता त्यानं पुढं सांगून टाकलं.

"चर्चच्या अंगणात मी तुमाला नको ते बोललो. लोक मला हसले, त्याची लाज वाटली, अन् ती मी तुमच्यावर काढली."

बाकावरून कुणीतरी म्हणालं, "आरं, सासरा जावयाच्या पाया पडायलाय की!" आणि एकदोघं हसले. सूर्यभानचे कान तापले. मानेतून ती जुनी धग वर चढली. त्यानं ती ओळखली, चढू दिली, आणि बोलणं थांबवलं नाही.

"चूक माझी हाय, तुमची न्हाई. माझ्या लेकीचं नशीब फुटलेलं न्हाई. ती सुखात हाय, अन् तुमच्यामुळं हाय. लोकांसमोर बोललो व्हतो म्हनून लोकांसमोर माफी मागायलोय. लिंगराज हाय हितं, बाकीचे बी हाईत. समदे ऐकायलेत."

बाकावर आता कुणी हसत नव्हतं. फोनमधून पालमच्या दुकानातला गलका ऐकू येत होता, कुणाच्या तरी मोबाईलची रिंगटोन वाजत होती. मग तीही थांबली.

"मामा," पप्पू म्हणाला. "लेकरू कुठं हाय?"

"माझ्या कडंवर."

"तुमी उन्हात उभे हाईत का?"

"हो."

"मग आधी त्याला सावलीत न्या. टाळू भरली न्हाई अजून त्याची. अन् पाळकसाहेबांला सांगून ठेवा, या रविवारी आमी यायलोत."

"कोणत्या पाळकांला? परभणीच्या?"

"बोरीच्या, मामा."

सूर्यभाननं फोन बबिताकडं दिला. त्यानं खांद्यावरची दस्ती नातवाच्या डोक्यावर धरली आणि तो छपराखाली गेला. बाकावरच्या माणसांनी सरकून त्याला जागा करून दिली.